कर्ण्यातला आवाज

राबिघ
३ ऑक्टोबर २०२५

प्रिय बदरुआपा,

सलाम. फोनवर बोलून पाठवू नकोस, लिहून पाठव, असं तुम्ही सांगितलंत, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. हरिहर म्हणतात, "सगळं जग बोटानं टाइप करतं, आमच्या घरी शाई सांडते." सांडू दे.

काम असं आहे. आपला मरजान क्लब यंदा सातवा हंगाम खेळतोय आणि त्याच्या इतिहासाची पुस्तिका निघते आहे. क्लबच्या ऑफिसातल्या नाशिकच्या विनयनं हिंदी-मराठी पानं माझ्या गळ्यात घातली. सुरुवात मला ठाऊक आहे. सिमेंटच्या व्यापारात कमावलेल्या मालकांनी इकॉनॉमिक सिटीच्या वाटेवर सौदीच्या रेतीत गवत उगवून बेसबॉलचं मैदान केलं, तेव्हा लोक हसले होते. पहिल्या वर्षी एकही सामना जिंकलो नाही. तिसऱ्या वर्षी चेंडू टाकणारा डॉमिनिकन पिचर अनिबाल आला आणि आपण लीग जिंकली. मग जपानचा मिनेगिशी. मग आपला दाभोळचा जमालुद्दीन, टेनिस बॉल क्रिकेटमधून थेट पगारी बेसबॉलमध्ये आलेला. हे सगळं लिहिलं. पण हाशमभाईंचं पान मी कसं लिहू? ते एक चेंडू खेळले नाहीत, नुसते माईकवर बोलले, तरी स्टँडमधल्या मजुरांना विचारलं की मरजानचा मोठा खेळाडू कोण, तर अर्धे त्यांचंच नाव घेतात. ते पान तुमच्याकडून हवं.

दुसरी गोष्ट विनयनं विचारायला सांगितली आहे. हाशमभाईंच्या आवाजात भरून ठेवलेली वाक्यं अजून सामन्यात लावतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण नव्या खेळाडूंची नावं त्यात नाहीत. आता असा कॉम्प्युटर निघाला आहे की तो जुनं रेकॉर्डिंग ऐकून शिकतो आणि त्याच आवाजात काहीही बोलतो. क्लबला ते करून घ्यायचं आहे. त्याला वारसाची सही लागते. कागद सोबत पाठवला आहे. घाई नाही.

तुमची,
पद्मजा

•

हफ्र अल बातिन
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय पद्मजा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथे दिवसभर वाचायला वेळ असतो. इमाद दुकानात, सून शाळेत शिकवायला, आणि नात सहर माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत उत्तर देते. दोघींचं बरं चाललंय.

यांच्याबद्दल विचारलंस. हे रिफायनरीच्या कंत्राटदाराकडे टाइमकीपर होते. गावी असताना कबड्डीच्या, क्रिकेटच्या स्पर्धांत माईक यांच्याच हातात असायचा. मरजान सुरू झाला तेव्हा स्टँड भरायला मालकांनी लेबर कॅम्पमधून बसगाड्या भरून माणसं आणली. बिहारी, बंगाली, पाकिस्तानी, आपले कोकणातले. कुणाला खेळ कळेना. लोक भलत्याच वेळी टाळ्या वाजवत. तेव्हा यांना माईकवर बसवलं. यांनी खेळ तीन दिवसांत शिकून घेतला आणि सगळ्यांना सोपा करून दिला. चार कोपरे फिरून आला की "घर आया". बाद झाला की "खलास". खलास हा शब्द अरबालाही कळतो, बंगाल्यालाही.

त्यातूनच तो गोंधळ झाला. जमालुद्दीन हा यांच्या बहिणीचा, आलिमाचा मुलगा. पहिल्याच महिन्यात तो बाद झाला आणि हे सवयीनं बोलून गेले, "जमालुद्दीन खलास." आलिमा दाभोळला फोनवर सामना पाहत होती. खेळ तिला कळत नव्हता. तिनं एवढंच ऐकलं की माझा सख्खा भाऊ लाउडस्पीकरवरून सांगतोय, जमालुद्दीन गेला. घरात रडारड. शेजारणी जमल्या. मौलवींना बोलावणं गेलं. इकडे तो पोरगा बाकावर बसून केळं खात होता. पुढे आम्ही पुष्कळ हसलो, पण यांनी त्या दिवसापासून कानाला खडा लावला. माणसाचं नाव आणि खलास एका दमात म्हणायचं नाही. मधे "चलो, बैठो" असं काहीतरी टाकायचंच.

आणखी एक. नवा खेळाडू आला की हे त्याला विचारायचे, आई तुला काय म्हणून हाक मारते? तेच नाव माईकवर घ्यायचे. अनिबालला "निबो" म्हणायचे. मिनेगिशी एरवी हसायचा नाही, पण यांनी त्याच्या आईच्या हाकेचं नाव घेतलं की मैदानाला वाकून नमस्कार करायचा. लोकांना वाटायचं, ही जपानी पद्धत.

मग यांच्या घशाचं दुखणं निघालं. जेद्दाला ऑपरेशन ठरलं, आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. क्लबनं त्याआधी सगळी वाक्यं भरून घेतली. ऑपरेशननंतर हे माझ्याजवळ चार महिने होते, पण गप्प. बोटांनी खुणा करायचे, मी ओळखायची. मी चुकले की पाठ फिरवायचे. म्हणजे आवाज मैदानात राहिला आणि माणूस माझ्या वाट्याला आला. मग माणूसही गेला. तुम्ही सगळे दर जुम्म्याला जे ऐकता ते मी दोन वर्षं ऐकलेलं नाही. फोनवरही ठेवलेलं नाही. ऐकावंसं वाटतं. त्याची भीतीही वाटते. म्हणून सहीचं आत्ताच सांगता येत नाही. कागद उशीखाली आहे.

तुझी,
बदरुन्निसा

•

राबिघ
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय बदरुआपा,

काल हंगामाचा पहिला सामना झाला. आधी तुमचे आभार मानते. तुम्ही सही केलीत, मला कळवलंही नाहीत.

दुपारनंतरची असरची नमाज झाल्यावर खेळ सुरू झाला. समुद्रावरून वारा येत होता. निकाराग्वाचा नवा डावखुरा पिचर ओसोरियो बॅट घेऊन पुढे आला, आणि कर्ण्यातून हाशमभाई बोलले. "आ रहा है, चेपे ओसोरियो." आपा, अंगावर काटा आला. अगदी तेच. नाव घेण्याआधी ते जसा छोटा श्वास घ्यायचे तोसुद्धा. हरिहरांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, धूळ आहे. स्टँडमधला एक पठाण उभा राहून सलाम करत होता.

ओसोरियो मात्र चौकटीतून बाहेर आला आणि कितीतरी वेळ स्टँडमध्ये कुणाला तरी शोधत राहिला. पंचांनी हटकलं तेव्हा परत आला. नवीन आहे, बावरला असेल.

तुमची,
पद्मजा

•

हफ्र अल बातिन
१३ नोव्हेंबर २०२५

पद्मजा,

मी सही केलेली नाही. कागद अजून उशीखाली आहे, आत्ता काढून पाहिला.

इमादला विचारलं. वारस तोही आहे. तो म्हणाला, "अम्मी, तुला विचारल्याशिवाय मी घरातलं कपाट हलवत नाही." त्याचं खरं आहे.

म्हणजे क्लबनं परस्पर केलं. विनयला विचार आणि जे असेल ते मला सरळ लिही. माझं मन सांभाळायला जाऊ नकोस.

आणि फलकावर त्या नव्या खेळाडूचं नाव काय लिहिलं होतं तेही पाहून सांग.

बदरुन्निसा

•

राबिघ
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय बदरुआपा,

सरळच लिहिते, पण कसं लिहू कळत नाही.

विनय शपथेवर सांगतो की तो कॉम्प्युटर क्लबकडे आलेलाच नाही. सही मिळाल्यावरच तो पाठवणार आहेत. त्याला वाटलं, नाव जुन्या रेकॉर्डिंगमध्ये असेल. मी त्याच्याबरोबर माईकच्या खोलीत गेले. पुण्याचा सत्यजित म्हणून नवा माणूस आता तिथे बसतो. त्याच्यासमोर बटणांची पाटी आहे, एकेक बटण म्हणजे हाशमभाईंचं एकेक वाक्य. आम्ही सगळी लावून ऐकली. ओसोरियोचं नाव कुठेही नाही. सत्यजित म्हणाला, "काकू, मी त्या वेळी फक्त संगीताचं बटण दाबलं होतं. मला वाटलं, विनयसर दुसरीकडून लावतायत." विनयला वाटलं, सत्यजित लावतोय.

फलकावर "होसे ओसोरियो" आहे. चेपे हे नाव कागदोपत्री कुठेच नाही. मी विनयला घेऊन ओसोरियोला गाठलं. त्याचं इंग्रजी मोडकं आहे, माझंही त्याच्यापुढे मोडलं. तो म्हणाला, आई मला चेपे म्हणायची. ती गेल्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर कुणी म्हटलं नाही. मग त्यानं मला विचारलं, हा वरचा माणूस कोण, मला त्याला भेटायचं आहे. मीच सांगितलं की ते गेले. त्यानं छातीवर क्रूस केला आणि सरावाला निघून गेला.

हरिहर म्हणतात, क्लबच्या कुणीतरी त्याच्या गावी फोन करून नाव काढलं असेल आणि गंमत केली असेल. असेलही. तसं वाटायला हवं.

तुमची,
पद्मजा

•

हफ्र अल बातिन
१५ डिसेंबर २०२५

पद्मजा,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. आज कारण कळलं, आणि ते तू सांगितलं नाहीस, आलिमानं दाभोळहून सांगितलं. तिचा फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. ती म्हणाली, "भाभी, भाईजाननं परत तेच केलं. माझ्या पोराचं नाव घेऊन खलास म्हटलं, आणि पोरगा पडला."

जमालुद्दीनशी मी बोलले. गालाचं हाड मोडलंय, तोंड सुजलंय, नीट बोलता येत नाही. एवढंच म्हणाला, "मामू बोलले म्हणून मी थांबलो, मामी." दुसऱ्या कोपऱ्यावरून तिसऱ्याकडे धावत होता म्हणे. वरून "जमालुद्दीन खलास" ऐकू आलं आणि पाय जागेवर थिजले. फेकलेला चेंडू तोंडावर आला. चेंडू दोन बोटं वर लागता तर डोळा गेला असता. आता म्हणतो, खेळणार नाही. त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, क्लबवर आहे. खेळला नाही तर मार्ग घरचाच. आलिमा रोजे धरून बसली आहे.

मी तुला सांगते, हे असं बोलणार नाहीत. चिडले तरी बोलणार नाहीत. त्यांचा तो नेम होता. मग बोललं कोण?

बदरुन्निसा

•

राबिघ
१९ डिसेंबर २०२५

प्रिय बदरुआपा,

लपवलं, हे खरं. जमालुद्दीनला आम्हीच दवाखान्यात नेलं, आणि तुम्हाला काय लिहावं ते सुचेना. माफ करा.

कोण बोललं ते मात्र सापडलं. सत्यजित बोलला. म्हणजे त्यानं बटणं दाबली. जमालुद्दीन आता बाद होणार असं त्याला दिसलं आणि त्यानं आधीच एक बटण नावाचं दाबलं, लगेच दुसरं खलासचं. हाशमभाईंचा नेम त्याला कुणी सांगितलाच नव्हता. तो रडत होता. म्हणाला, "काकू, माझ्या पाटीवर शब्द शेजारी शेजारी आहेत, मी काय समजणार?"

पण आता खेळाडू घाबरलेत. ओसोरियोची गोष्ट सगळ्यांना माहीत झाली आहे. कर्णा नुसता खरखरला तरी पिचर हात थांबवतो. मालकांना कुणीतरी सांगितलं की यावर उपाय तो नवा कॉम्प्युटरच. म्हणजे सगळं नीट, न चुकता बोलेल. तुमच्या सहीसाठी रोज विचारणा होते आहे. मी विनयला म्हटलं, आपांच्या मागे लागू नकोस. तो म्हणाला, "मी कुठे लागतोय, मलाही ती खोली आता नकोशी झालीय. चहासुद्धा बाहेर उभा राहून पितो."

तुम्ही म्हणाल ते मी त्यांना सांगेन.

तुमची,
पद्मजा

•

हफ्र अल बातिन
२४ डिसेंबर २०२५

प्रिय पद्मजा,

सत्यजितला सांग, मी त्याच्यावर रागावलेली नाही. यांनीही पहिल्यांदा तीच चूक केली होती.

इथे थंडी फार आहे. वाळवंटातली थंडी हाडात जाते. मी हीटरजवळ बसून विचार करते आणि जे ठरलं ते लिहिते.

सही करणार नाही. एवढंच नाही, ती जुनी वाक्यंही पुसून टाकायची. नावं, खलास, घर आया, एकूण एक. क्लबकडे, विनयकडे, कुणाच्या फोनमध्ये असेल तिथलीसुद्धा. इमादची संमती आहे. त्याचा कागद वेगळा पाठवते.

तू म्हणशील, दोन वर्षं ऐकायला तरसते आणि आता पुसायला सांगते. त्यासाठीच सांगते. ओसोरियोला हाक मारली ती बटणातून आली नाही. जमालुद्दीनला मारली ती बटणातून आली. आवाज एकच. जमालुद्दीननं कसं ओळखायचं की थांबायचं की धावायचं? आणि नवा कॉम्प्युटर आणलात तर तो दिवसभर बोलेल, न चुकता बोलेल. त्या बडबडीत हे खरंच काही म्हणाले तर कुणाला कळणार? मलासुद्धा कळणार नाही.

दुसरं काहीच शिल्लक ठेवू नका. मग जे येईल ते यांचं. नाही आलं तर नाही आलं, तेही मला कळायला हवं.

तुझी,
बदरुन्निसा

•

राबिघ
६ जानेवारी २०२६

प्रिय बदरुआपा,

पुसलं. विनय, सत्यजित, जमालुद्दीन, हरिहर आणि मी, सगळे हजर होतो. हरिहरांनी रिफायनरीत कामाआधी वीज तोडतात तशी कर्ण्याची वायरच काढली आणि तिचं टोक चिकटपट्टीनं बांधलं. मालक नाराज आहेत, पण वारसाच्या कागदापुढे गप्प बसले. आता फक्त फलकावर अक्षरं येतात. जमालुद्दीन परवापासून सरावाला येतो, गालावर पट्टी आहे. पुस्तिकेत हाशमभाईंचं पान तुमच्या शब्दांत छापलं.

सोळा तारखेला घरच्या मैदानावर सामना आहे. या. आमच्याकडे उतरा. सकाळी हाशमभाईंच्या कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत हरिहर गाडीनं नेतील, आत बायकांना सोडत नाहीत. मग दुपारी खेळ.

वाट पाहते.

पद्मजा

•

हफ्र अल बातिन
२१ जानेवारी २०२६

प्रिय पद्मजा,

सुखरूप पोचले. तू दिलेल्या चकल्या सहरनं विमानतळाच्या पार्किंगमध्येच संपवल्या.

परतताना गाडीत तू विचारत होतीस, मी लिहून कळवेन म्हणाले होते. हरिहरभाऊ पुढे होते, आणि ते आधीच बिचकले होते.

सातव्या डावापर्यंत काहीच नव्हतं. स्टँडमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लोक मशिदीत बसल्यासारखे बसले होते. रिफायनरीची ज्योत वाऱ्यानं आडवी झाली होती. मी कर्ण्याकडे बघत होते. त्यावर एक कबुतर बसलं होतं. मग ते उडालं आणि ओसोरियोनं चेंडू टाकायला उचललेला हात खाली घेतला. त्याच्यामागून सगळे, आपले नऊ आणि बाकावरचे, एकदम मान वर करून कर्ण्याकडे बघायला लागले. शाळेत हजेरी घेताना मुलं बघतात तसे. एकेक जण आपली पाळी आली की किंचित मान हलवत होता. एक झाला की दुसरा. जमालुद्दीननं तर हात वर केला. समोरचा संघ मात्र गोंधळून एकमेकांकडे बघत होता. तू माझा दंड धरला होतास, तुझी नखं रुतली. मग ओसोरियोनं चेंडू टाकला आणि खेळ पुढे सुरू झाला.

तू विचारलंस, आपा, तुम्हाला काय ऐकू आलं. मला काही ऐकू आलं नाही. वाऱ्याशिवाय काहीच नाही.

सामन्यानंतर जमालुद्दीन जाळीपाशी आला. "मामी, ऐकलंत ना?" त्याचा चेहरा असा उजळला होता की मी हो म्हणाले. काय ऐकलंस ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आणि मग ते त्याच्या तोंडून ऐकावं लागलं असतं.

खोटं कशाला लिहू, विमानात मला राग आला. मीच सगळं पुसायला लावलं. रान मोकळं करून दिलं. दोन वर्षं ज्या माणसाचा मी एक शब्द ऐकला नाही, तो अख्ख्या संघाची हजेरी घेतो आणि मी तिथे बसलेली असताना मला ओळख देत नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, कान दुखतात.

घरी येऊन भाकरी टाकायला बसले तेव्हा हळूहळू उलगडलं. संसार केला तेवढी सगळी वर्षं मी यांना कामावर असताना कधी फोन केला नाही, कधी फाटकापाशी जाऊन हाक मारली नाही. यांना आवडायचं नाही आणि मलाही शोभलं नसतं. कामावर असताना हे कामाच्या माणसांशी बोलायचे. माझ्याशी बोलायचे ते सुटून आल्यावर, हातपाय धुऊन, जेवण झाल्यावर. तेव्हा मात्र थांबायचे नाहीत.

जमालुद्दीनला सांग, नीट खेळ. हंगाम मार्चमध्ये संपतो, मग हे कामावरून सुटतील. तोवर मी हफ्रलाच आहे.

तुझी,
बदरुन्निसा